बिल्ड आणि डिप्लॉय पाइपलाइनचा कार्बन फूटप्रिंट कमी करायचा आहे? आधी मशीन-मिनिटं मोजा

बिल्ड आणि डिप्लॉय पाइपलाइन म्हणजे कोडमध्ये बदल आला की तो आपोआप बिल्ड, टेस्ट आणि डिप्लॉय करणारी साखळी. कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) पुश झाला की कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये एक व्हर्च्युअल मशीन सुरू होतं. कोड उतरवतं, काल उतरवलेल्याच लायब्ररी पुन्हा उतरवतं, सगळं पहिल्यापासून बिल्ड करतं, टेस्ट चालवतं आणि काम संपलं की पुसलं जातं. पुढच्या कमिटला हेच सगळं पुन्हा. यातलं बरंचसं काम कुणालाच नको असतं. कुणी त्याचा निकाल पाहत नाही, किंवा तोच निकाल दहा मिनिटांपूर्वी दुसऱ्या रनमध्ये आलेला असतो.

ज्यांना पाइपलाइनची कॉन्फिग फाइल वाचता-बदलता येते, पण विजेच्या अंगाने तिच्याकडे कधी पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणं बहुतेक गिटहब अ‍ॅक्शन्स आणि गिटलॅबची आहेत. बाकीच्या साधनांत नावं बदलतात, तत्त्व तेच राहतं.

यात कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी अनावश्यक रन थांबवा, मग उरलेले रन छोटे करा, मग रिकामी बसलेली मशीन बंद करा, आणि शेवटी रन कुठल्या प्रदेशात आणि किती वाजता चालवायचे ते बघा. स्वच्छ विजेच्या प्रदेशात हलवण्याची कल्पना आकर्षक असल्यामुळे अनेक टीम तिथूनच सुरुवात करतात. पण वायफळ रन स्वच्छ विजेवर चालवला तरी तो वायफळच. शिवाय त्यासाठी लागणारा सर्व्हर बनवताना झालेलं उत्सर्जन कुठल्याही प्रदेशात गेलात तरी तेवढंच राहतं.

पायरी १: हिशोब मांडा

ग्रीन सॉफ्टवेअर फाउंडेशनने तयार केलेलं 'सॉफ्टवेअर कार्बन इंटेन्सिटी' हे मानक आता आयएसओ/आयईसी २१०३१:२०२४ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचं सूत्र सोपं आहे: वापरलेली वीज गुणिले त्या विजेची कार्बन तीव्रता (दर युनिटमागे होणारं उत्सर्जन), अधिक हार्डवेअर बनवतानाच्या उत्सर्जनातला तुमचा वाटा, आणि या बेरजेला भागिले कामाचं एकक. विकत घेतलेले कार्बन ऑफसेट यात वजा करता येत नाहीत. त्यामुळे आकडा खाली आणायचा तर काम खरोखर कमी करावं लागतं.

पाइपलाइनसाठी कामाचं एकक म्हणून 'मर्ज झालेली एक पुल रिक्वेस्ट' घ्या (पुल रिक्वेस्ट म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती). 'एक रन' हे एकक घेऊ नका. रनची संख्या दुप्पट झाली तरी 'दर रनमागे' आकडा सुधारलेला दिसू शकतो, आणि आपल्याला तर रनच कमी करायचे आहेत.

आता एक अंदाज काढून बघू. क्लाउड कार्बन फूटप्रिंट या मुक्तस्रोत साधनात अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरच्या एका व्हीसीपीयूसाठी (व्हर्च्युअल मशीनला मिळणारा प्रोसेसरचा वाटा) सरासरी आकडे धरले आहेत: रिकामा असताना ०.७४ वॉट आणि पूर्ण लोडवर ३.५ वॉट. मेमरीसाठी दर जीबीला साधारण ०.३९ वॉट. समजा रनर, म्हणजे पाइपलाइनचं काम चालवणारं मशीन, ४ व्हीसीपीयू आणि १६ जीबीचा आहे आणि सरासरी लोड ५० टक्के आहे. एका व्हीसीपीयूचे २.१२ वॉट, चारांचे ८.५, मेमरीचे ६.२, मिळून १४.७ वॉट. डेटा सेंटरच्या कूलिंगसाठी आणि इतर खर्चासाठी १.२ ने गुणलं की १७.६ वॉट. दहा मिनिटांच्या रनला सुमारे ३ वॉट-तास लागतात. ग्रिडची तीव्रता दर युनिटला ५०० ग्रॅम धरली तर कार्बन डायऑक्साइड भरतो दीड ग्रॅम.

दीड ग्रॅम नगण्य वाटतो. पण दिवसाला २०० रन आणि महिन्याचे २२ दिवस धरले तर १३ युनिट वीज आणि साडेसहा किलो होतात. प्रत्येक रनमध्ये बारा जॉबचं मॅट्रिक्स (तेच काम वेगवेगळ्या सिस्टिम आणि आवृत्त्यांवर चालवणारा जॉबचा संच) असेल तर ७८ किलो, तेही एका रिपॉझिटरीचे. अशा पन्नास रिपॉझिटरी असलेली संस्था महिन्याला जवळपास चार टनांवर जाते, आणि यात हार्डवेअर बनवतानाचं उत्सर्जन धरलेलंच नाही. एखाद्या लहान प्रकल्पाची पाइपलाइन मात्र खरंच किरकोळ असू शकते. हिशोबातून तसं दिसलं तर दोन-तीन सोपे बदल करा आणि तुमच्या उत्पादनाच्या प्रॉडक्शन सर्व्हरकडे वळा. तिथे जास्त वाचेल.

वॉटचे आकडे अंदाजी असतात. क्लाउडच्या व्हर्च्युअल मशीनमधून प्रोसेसरचं प्रत्यक्ष ऊर्जा-मापन सहसा वाचता येत नाही, म्हणून मॉडेलवर विसंबावं लागतं. इको सीआय हे मुक्तस्रोत साधन जॉबमध्ये जोडलं की सीपीयू वापरावरून प्रत्येक टप्प्याचा ऊर्जेचा अंदाज देतं. दोन रनची तुलना करायला ते पुरेसं आहे. पण रोजच्या कामासाठी त्याहून साधं माप हातात ठेवा: मशीन-मिनिटं, म्हणजे सगळ्या जॉबच्या वेळांची बेरीज. मशीनचा आकार बदलत नसेल तर वीज जवळपास याच प्रमाणात जाते.

गेल्या दोन आठवड्यांचा तक्ता बनवा. प्रत्येक वर्कफ्लोसाठी (एका कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेला जॉबचा क्रम) पाच रकाने: किती रन झाले, कशामुळे सुरू झाले, एका रनची सरासरी मशीन-मिनिटं, एकूण मशीन-मिनिटं, आणि किती रन फेल किंवा रद्द झाले. एकूण मिनिटांच्या उतरत्या क्रमाने लावा. बहुतेक वेळा वरचे दोन-तीन वर्कफ्लोच निम्म्याहून जास्त खातात. पुढचं सगळं काम त्यांच्यावरच करा, खालच्या वीसांना हात लावू नका.

पायरी २: रनच होऊ देऊ नका

सगळ्यात जास्त बचत इथे आहे, आणि चुका करायला जागाही इथेच आहे.

*दुहेरी ट्रिगर.* वर्कफ्लो 'पुश'वरही चालतो आणि 'पुल रिक्वेस्ट'वरही, असं तुमच्या फाइलमध्ये आहे का ते आधी पाहा. तसं असेल तर पुल रिक्वेस्ट उघडलेल्या ब्रँचवरचा प्रत्येक कमिट दोनदा तपासला जातो. 'पुश' फक्त मुख्य ब्रँचपुरता ठेवा, बाकी ब्रँचसाठी 'पुल रिक्वेस्ट' पुरेशी आहे. एका ओळीचा बदल आणि त्या ब्रँचवरचे निम्मे रन गेले.

*जुने रन रद्द करणं.* कुणी पाच मिनिटांत तीन कमिट पुश केले तर पहिल्या दोन रनच्या निकालात कुणालाच रस नसतो. गिटहबमध्ये 'कन्करन्सी' विभागात ग्रुपचं नाव द्या आणि 'कॅन्सल-इन-प्रोग्रेस' चालू करा. ग्रुपच्या नावात वर्कफ्लोचं नाव आणि ब्रँच दोन्ही हवेत. फक्त ब्रँच दिली तर लिंटचा (कोडची शैली आणि साध्या चुका तपासणारा) वर्कफ्लो टेस्टचा वर्कफ्लो रद्द करतो आणि कारण शोधण्यात अर्धा दिवस जातो. गिटलॅबमध्ये जॉबला 'इंटरप्टिबल' लावावं लागतं, नाहीतर आधीच सुरू झालेला जॉब थांबत नाही.

ही सोय मुख्य ब्रँचवर आणि डिप्लॉयच्या जॉबवर लावू नका. मुख्य ब्रँचवर लावली तर मधले कमिट न तपासलेले राहतात आणि बिघाड नेमका कुठे शिरला हे सापडत नाही. डिप्लॉय मध्येच तोडला तर टेराफॉर्मच्या (सर्व्हर वगैरे कोडने उभारणारं साधन) स्टेट फाइलवरचं कुलूप तसंच राहतं किंवा डेटाबेस मायग्रेशन अर्धवट अडकतं. त्यातून बाहेर पडायला वाचवलेल्यापेक्षा जास्त रन लागतात.

*फक्त बदललेल्या भागासाठी.* कागदपत्रांतली एक ओळ बदलली म्हणून पूर्ण इंटिग्रेशन टेस्ट चालण्याचं कारण नाही. गिटहबमध्ये 'पाथ्स' आणि 'पाथ्स-इग्नोर', गिटलॅबमध्ये 'रूल्स'च्या आत 'चेंजेस' वापरता येतं.

गिटहबवर इथे एक खड्डा आहे, त्यात जवळपास प्रत्येक नवखी टीम पडते. एखादी तपासणी मर्जसाठी अनिवार्य केलेली असेल आणि पाथ फिल्टरमुळे तो वर्कफ्लो सुरूच झाला नाही, तर ती तपासणी 'पेंडिंग' राहते आणि पुल रिक्वेस्ट कायमची अडकते. मग कुणीतरी वैतागून फिल्टरच काढून टाकतं. योग्य उपाय असा: वर्कफ्लो नेहमी सुरू होऊ द्या. त्यातला पहिला छोटा जॉब काय बदललं ते पाहील आणि जड जॉब त्याच्या उत्तरावर 'इफ' अटीने चालतील. अटीमुळे वगळलेला जॉब यशस्वी धरला जातो, त्यामुळे मर्ज अडत नाही. पण याचीही दुसरी बाजू आहे. आधीचा जॉब फेल झाल्यामुळे पुढचा वगळला गेला, तरी तो पुढचा जॉब यशस्वीच दिसतो. म्हणून शेवटी एक गोळाबेरीज करणारा जॉब ठेवा. तो 'ऑलवेज' अटीवर चालेल, आधीच्या सगळ्यांचे निकाल तपासेल आणि एकही 'फेल' किंवा 'रद्द' असेल तर स्वतः फेल होईल. अनिवार्य तपासणी फक्त हीच ठेवा.

*ड्राफ्ट.* पुल रिक्वेस्ट ड्राफ्ट असेपर्यंत लिंट आणि युनिट टेस्टच चालू द्या. त्यासाठी ट्रिगरच्या प्रकारांत 'रेडी फॉर रिव्ह्यू' हा प्रकार स्वतः लिहावा लागतो. तो राहून गेला तर ड्राफ्ट काढल्यावर जड टेस्ट सुरूच होत नाहीत, आणि पुढचा कमिट येईपर्यंत ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

*मॅट्रिक्स.* तीन ऑपरेटिंग सिस्टिम आणि भाषेच्या चार आवृत्त्या म्हणजे दर कमिटला बारा जॉब. पुल रिक्वेस्टवर लिनक्सवरची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी आवृत्ती एवढंच ठेवा. बाकीची दहा रात्री एकदा मुख्य ब्रँचवर चालवा. तुमचा कोड फाइल सिस्टिमशी किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या खास सुविधांशी जास्त बोलत असेल, तर विंडोजचा एक जॉबही पुल रिक्वेस्टवर राहू द्या. तिथे उशिरा कळलेला दोष महागात पडतो.

*लायब्ररी अपडेट करणारे बॉट.* यांचं गणित एकदा मांडून बघाच. एका सकाळी बॉटने वीस पुल रिक्वेस्ट उघडल्या की वीस रन झाले. सगळ्या एकाच लॉकफाइलला (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) हात लावतात, म्हणून एक मर्ज झाली की उरलेल्या एकोणीस रिबेस होतात (बदललेल्या मुख्य ब्रँचवर नव्याने बसवल्या जातात) आणि पुन्हा चालतात. मग अठरा, मग सतरा. वीसही मर्ज होईपर्यंत २१० रन होतात. डिपेन्डाबॉट आणि रेनोव्हेट या दोन्ही बॉटमध्ये अपडेटचे गट करता येतात. किरकोळ आणि पॅच आवृत्त्यांचा आठवड्याला एक गट करा, मोठ्या आवृत्त्या स्वतंत्र ठेवा. सुरक्षेचे अपडेट मात्र या गटात अडकवू नका, ते ताबडतोबच यायला हवेत.

*रात्रीचे रन.* गेल्या रननंतर एकही नवा कमिट नसेल तर रात्रीचा बिल्ड पहिल्याच टप्प्यात थांबवा. आठवड्यातून एकदा मात्र तो कमिट नसतानाही चालू द्या. बाहेरची लायब्ररी गायब होणं, प्रमाणपत्राची मुदत संपणं, बेस इमेज बदलणं असले बिघाड तुमच्या कमिटची वाट पाहत नाहीत.

पायरी ३: उरलेला रन छोटा करा

आधी एक गैरसमज दूर करू. रन लवकर संपला म्हणजे वीज वाचली असं नाही. समजा तयारीला २ मिनिटं आणि टेस्टना १२ मिनिटं लागतात. एकाच मशीनवर १४ मशीन-मिनिटं. याच टेस्ट सहा मशीनवर वाटल्या तर ४ मिनिटांत निकाल येतो, पण प्रत्येक मशीन तयारी नव्याने करतं: सहा गुणिले चार, म्हणजे २४ मशीन-मिनिटं. निकाल लवकर मिळणं माणसांसाठी मोलाचं आहे, त्यामुळे वाटणी करूच नये असं नाही. पण आधी तयारीचा वेळ कमी करा, मग वाटा, आणि सहाऐवजी तीन मशीन पुरतात का ते बघा.

लायब्ररीचा कॅश हा तयारी कमी करण्याचा पहिला उपाय. कॅशची की लॉकफाइलच्या हॅशवरून (मजकुरावरून निघणारा छोटा ठसा) बनवा आणि तिच्यात ऑपरेटिंग सिस्टिम व भाषेची आवृत्तीही घाला. नोड.जेएसच्या प्रकल्पात 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर कॅश करण्यात अर्थ नसतो, कारण 'एनपीएम सीआय' ही इन्स्टॉलची कमांड सुरुवातीलाच ते फोल्डर पुसून टाकते. त्याऐवजी एनपीएमचं स्वतःचं डाउनलोड फोल्डर कॅश करा.

कॅश लावूनही फायदा होत नसेल तर ही कारणं क्रमाने तपासा. गिटहबवर पुल रिक्वेस्टमध्ये बनलेला कॅश दुसऱ्या पुल रिक्वेस्टला दिसत नाही. मुख्य ब्रँचचा कॅश मात्र सगळ्यांना दिसतो. त्यामुळे मुख्य ब्रँचवर कॅश भरणारा रन नसेल तर प्रत्येक पुल रिक्वेस्ट शून्यातून सुरू होते. दुसरं म्हणजे रिपॉझिटरीमागे मूळ मर्यादा १० जीबी आहे. ती भरली की जुने कॅश पुसले जातात, आणि एकेक जीबीचे कॅश भरत राहिलात तर नुसती ये-जा सुरू राहते. सात दिवस न वापरलेला कॅशही जातो. तिसरं कारण आंशिक कीचं. जवळपास जुळणाऱ्या जुन्या कॅशवर नवं थापत गेलं की तो फुगत जातो, म्हणून कीमध्ये महिन्याचा अंक घालून त्याला दर महिन्याला नव्याने सुरू होऊ द्या. आणि कॅश उतरवायला ४० सेकंद व नव्याने इन्स्टॉल करायला ३५ सेकंद लागत असतील तर कॅश काढूनच टाका.

कंटेनर इमेज म्हणजे कोड आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींचा थरांनी बनलेला गठ्ठा. तिच्यात क्रमाला महत्त्व आहे. डॉकर वरून खाली एकेक लेयर तपासतो. एक लेयर बदलला की त्याच्या खालचे सगळे नव्याने बनतात. म्हणून डॉकरफाइलमध्ये आधी फक्त लॉकफाइल कॉपी करा, मग लायब्ररी इन्स्टॉल करा आणि त्यानंतर बाकीचा कोड कॉपी करा. कमिटचा क्रमांक किंवा बिल्डची वेळ इमेजमध्ये घालायची असेल तर ती अगदी शेवटच्या ओळींत घाला. वर घातलीत तर दर बिल्डला सगळा कॅश फुकट जातो. डॉकरइग्नोर फाइलमध्ये गिटचं फोल्डर, टेस्टचे निकाल आणि स्थानिक लायब्ररी टाका, नाहीतर न लागणारी फाइल बदलूनही लेयर बदलतो.

दर रनला नवं मशीन मिळत असेल तर लेयरचा कॅश रजिस्ट्रीत (इमेज साठवण्याची जागा) किंवा कॅश सेवेत निर्यात करावा लागतो. बिल्डकिटमध्ये (डॉकरचं बिल्ड करणारं इंजिन) या निर्यातीचे दोन प्रकार आहेत, 'मिन' आणि 'मॅक्स', आणि न सांगितल्यास 'मिन' लागू होतो. 'मिन' फक्त अंतिम इमेजमधले लेयर साठवतो. मल्टी-स्टेज बिल्डमध्ये जड काम आधीच्या टप्प्यांत होतं, ते यात येतच नाही. कॅश जोडलाय, तरी कंपाइल दर वेळी पहिल्यापासून होतंय, असं दिसलं तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. 'मॅक्स' लावा, साठवणीवर लक्ष ठेवा.

एआरएम आणि एक्स-८६ हे प्रोसेसरचे दोन प्रकार. एआरएमसाठीची इमेज एक्स-८६ मशीनवर क्यूईएमयूच्या इम्युलेशनने (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करून) बनवत असाल तर ते थांबवा. कंपाइल असलेलं काम इम्युलेशनमध्ये कित्येक पटींनी हळू चालतं आणि तेवढीच जास्त वीज खातं. एआरएमचे रनर मिळतात. दोन्ही इमेज आपापल्या मशीनवर बनवा आणि शेवटी एका मॅनिफेस्टखाली जोडा. गो किंवा रस्टसारख्या भाषांत क्रॉस-कंपाइल हा आणखी हलका मार्ग आहे.

कंपाइलसाठी सीसीकॅश, एससीकॅश, ग्रेडलचा बिल्ड कॅश किंवा बेझलचा रिमोट कॅश वापरता येतो. हे तेव्हाच कामाचे ठरतात जेव्हा तोच इनपुट तेच आउटपुट देतो. बिल्डमध्ये आजची तारीख किंवा फोल्डरचा पूर्ण पत्ता शिरला की कॅश जुळत नाही. तारखेसाठी 'सोर्स डेट इपॉक' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कमिटच्या वेळेवर बांधा. हिट किती टक्के मिळतात ते लॉगमध्ये छापा. मोठ्या मोनोरिपोत (अनेक प्रकल्पांची एकच रिपॉझिटरी) एनएक्स किंवा टर्बोरिपोने फक्त परिणाम झालेले भाग चालवता येतात. अवलंबनाच्या नकाशात न दिसणारे दुवे सुटू नयेत म्हणून रात्री एकदा सगळं चालवा.

गिटचं क्लोन उथळ ठेवा. गिटहबची चेकआउट अ‍ॅक्शन मुळातच एका कमिटपुरतं उतरवते, गिटलॅबच्या नव्या प्रकल्पांत २० कमिट असतात. टॅगवरून आवृत्ती ठरवणारी किंवा मुख्य ब्रँचशी तुलना करणारी साधनं अशा उथळ क्लोनमध्ये अडखळतात. मग कुणीतरी खोली शून्य करतं आणि पूर्ण इतिहास सगळ्या जॉबमध्ये उतरू लागतो. ज्या एका जॉबला इतिहास लागतो त्यालाच तो द्या.

पायरी ४: फेल होणारे आणि लटकणारे रन

कधी पास, कधी फेल होणारी टेस्ट वीज दोनदा खाते: एकदा रन फेल होताना आणि एकदा 'पुन्हा चालवा' दाबल्यावर. तक्त्यातल्या फेल रनपैकी किती रन कोड न बदलता दुसऱ्या फेरीत पास झाले ते मोजा. सगळ्यात जास्त वेळा डळमळलेल्या पाच टेस्ट वेगळ्या जॉबमध्ये काढा, त्यांच्यावर नाव आणि तारीख टाका, आणि दुरुस्त करा. तोवर टेस्ट रनरमध्ये फक्त त्या टेस्टला एक पुनःप्रयत्न द्या, पूर्ण जॉबला नको. हाताने चालवताना 'फेल झालेले जॉब पुन्हा चालवा' हा पर्याय निवडा, 'सगळे' नको.

टाइमआउटही लिहून ठेवा. गिटहबवर जॉबची मूळ मर्यादा ३६० मिनिटं आहे. शुक्रवारी संध्याकाळी डेडलॉक झालेली टेस्ट सहा तास मशीन अडवून ठेवते. नेहमी लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट ते तिप्पट मर्यादा प्रत्येक जॉबला द्या.

लिंट आणि टाइप तपासणीसारख्या स्वस्त तपासण्या आधी, महाग टेस्ट नंतर. दर शंभर रनमधले पाचच लिंटमध्ये फेल होत असतील तर या क्रमाने फारसं वाचत नाही आणि सगळ्यांना दीड मिनिट जास्त थांबावं लागतं. तीस होत असतील तर नक्की करा, आणि तीच तपासणी डेव्हलपरच्या मशीनवर कमिटआधीही लावा.

पायरी ५: एकदाच बिल्ड करा, तेच पुढे न्या

डेव्ह, स्टेजिंग आणि प्रॉडक्शनसाठी तीनदा बिल्ड करणाऱ्या पाइपलाइन अजून खूप आहेत. एकदा बनवलेली इमेज डायजेस्टने (इमेजच्या आशयावरून निघणारी ओळख) ओळखून तिन्हीकडे न्या, कॉन्फिग चालवण्याच्या वेळी द्या. वीज वाचते हे आहेच. शिवाय जे तपासलं तेच प्रॉडक्शनवर जातं. अडचण येते फ्रंटएंडमध्ये, कारण एपीआयचा पत्ता बहुधा बिल्डच्या वेळीच फाइलमध्ये गोठतो. तो पत्ता सुरुवातीला लोड होणाऱ्या छोट्या कॉन्फिग फाइलमध्ये काढा.

आर्टिफॅक्ट, म्हणजे रनमधून साठवलेल्या फाइल, गिटहबवर मुळात ९० दिवस राहतात. पुल रिक्वेस्टच्या टेस्ट रिपोर्टला सात दिवस पुरतात. रजिस्ट्रीसाठी सफाईचा नियम लिहा, पण त्यात दोन अपवाद हवेत: सध्या चालू असलेली इमेज आणि रोलबॅकसाठी मागच्या काही रिलीज. नुसतं वय पाहून पुसणारा नियम सहा महिने न बदललेल्या सेवेची चालू इमेज पुसतो, आणि ते नवं मशीन तीच इमेज मागेपर्यंत कळत नाही.

पायरी ६: रिकामी मशीन

स्वतःचे रनर असतील तर हा भाग बिल्डपेक्षाही मोठा निघू शकतो. वरच्याच आकड्यांनी, रिकामा व्हीसीपीयूही पूर्ण लोडच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त वीज घेतो. मेमरी तर काम असो-नसो तेवढीच घेते. दिवसात तीन तास काम आणि एकवीस तास वाट पाहणं, असा रनर बहुतांश वीज वाट पाहण्यात घालवतो.

कुबेरनेटिसवर (कंटेनर चालवणारी व्यवस्था) अ‍ॅक्शन्स रनर कंट्रोलर वापरून किमान संख्या शून्य ठेवा. पहिल्या जॉबला मशीन उठेपर्यंत एक-दोन मिनिटं लागतील. कामाच्या वेळेत किमान एक आणि बाकी वेळ शून्य, ही तडजोड बऱ्याच टीमना चालते. पॉड (चालते कंटेनर) शून्यावर आले तरी नोड (त्यांच्याखालचं मशीन) चालू राहिला तर काहीच वाचत नाही, तेव्हा नोडही कमी होतात का ते पाहा.

आकारही तपासा. आठ कोरच्या रनरवर सरासरी सीपीयू वापर २० टक्के दिसत असेल तर चार किंवा दोन कोरवर चालवून बघा. वेळ दुप्पट झाला तर मागे फिरा, दहा टक्केच वाढला तर राहू द्या.

स्टेजिंग आणि प्रीव्ह्यू (एका पुल रिक्वेस्टपुरतं तात्पुरतं उभारलेलं) एन्व्हायर्नमेंट हीसुद्धा पाइपलाइनचीच अपत्यं. पुल रिक्वेस्ट बंद झाली की तिचं प्रीव्ह्यू काढणारा जॉब असतोच, पण तो फेल झाला तर कुणी पाहत नाही. म्हणून प्रत्येक प्रीव्ह्यूवर निर्मितीची वेळ लिहा आणि तीन दिवसांहून जुनी सगळी पाडणारा रोजचा जॉब वेगळा ठेवा. स्टेजिंग आठवड्याचे पाच दिवस, रोज बारा तास लागत असेल तर १६८ पैकी ६० तास झाले. उरलेले १०८ तास, म्हणजे ६४ टक्के वेळ, ते झोपवता येतं. क्यूब-ग्रीन हे साधन नेमकं हेच करतं. ब्लू-ग्रीन डिप्लॉयमध्ये (जुन्या संचाशेजारी नवा उभारून वापर त्याच्याकडे वळवणं) जुना संच किती वेळ जिवंत ठेवायचा ते मिनिटांत ठरवून लिहा. 'थोडा वेळ' असं ठरलेलं असेल तर तो पुढच्या रिलीजपर्यंत चालू राहतो.

पायरी ७: जागा आणि वेळ

आता उरलेल्या रनसाठी प्रदेश बघा. नॉर्वेची वीज बहुतांश जलविद्युत आणि फ्रान्सची बहुतांश अणुऊर्जा. दोन्हीकडे दर युनिटमागे उत्सर्जन शंभर ग्रॅमच्या खाली राहतं. कोळशावर जास्त अवलंबून असलेल्या पोलंडमध्ये ते याच्या कित्येक पट आहे. रनर हलवणं सर्व्हर हलवण्यापेक्षा सोपं असतं, कारण रनरमागे ग्राहक नसतो. पण रजिस्ट्री आणि कॅश जुन्या प्रदेशात राहिले तर प्रत्येक रन समुद्रापलीकडून कित्येक जीबी ओढतो, म्हणून तिन्ही एकत्र हलवा. टेस्टमध्ये खरा ग्राहक-डेटा असेल तर कायद्याची परवानगी आधी घ्या, आणि शक्यतो तो डेटाच काढा.

वेळ बदलणं फक्त अशा कामांसाठी, ज्यांची कुणी वाट पाहत नाही: रात्रीचं पूर्ण मॅट्रिक्स, परफॉर्मन्स चाचण्या, बेस इमेजची पुनर्बांधणी. पुल रिक्वेस्टची तपासणी पुढे ढकलू नका. माणूस खोळंबतो, मग दुसरी ब्रँच उघडतो आणि रन वाढतात.

रात्रीची वीज स्वच्छच असते असं धरून चालू नका. सौरऊर्जा जास्त असलेल्या ग्रिडमध्ये भरदुपार सगळ्यात स्वच्छ असते, पवनऊर्जेच्या ग्रिडमध्ये वाऱ्याप्रमाणे बदलते. इलेक्ट्रिसिटी मॅप्स आणि वॉटटाइम तासागणिक आकडे देतात. ब्रिटनच्या ग्रिडसाठी अर्ध्या-अर्ध्या तासाचा अंदाज देणारा खुला एपीआय आहे. ग्रीन सॉफ्टवेअर फाउंडेशनचा कार्बन अवेअर एसडीके अशा स्रोतांना एकाच पद्धतीने प्रश्न विचारू देतो. तुमच्या प्रदेशाचा महिन्याभराचा आलेख पाहून रोजची एक ठरावीक वेळ निवडली तरी चांगला हिस्सा मिळतो. गिटहबचा क्रॉन (ठरलेल्या वेळी रन सुरू करणारं वेळापत्रक) न सांगितल्यास यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) चालतो, वेळ बदलून लिहा. तासाच्या ठोक्यावर गर्दीमुळे उशीर होतो, म्हणून मिनिटाच्या जागी शून्याऐवजी १७ किंवा ४३ असं काही घाला.

अंदाज पाहून वेळ ठरवायची असेल तर रनर सुरू करून त्यात 'स्लीप' लावून वाट पाहू नका. तेवढा वेळ मशीन चालूच राहतं. एक छोटा शेड्युलर जॉब अंदाज विचारेल, पुढच्या बारा तासांतली सगळ्यात कमी तीव्रतेची खिडकी निवडेल आणि त्या वेळी खरा वर्कफ्लो सुरू करण्याची नोंद बाहेरच्या शेड्युलरमध्ये करून संपेल. अंतिम मुदत हवीच. एपीआय उत्तर देत नसेल तर नेहमीच्या वेळी चालवा.

बदल टिकवायचे असतील तर

एका आठवड्यात एकच बदल करा आणि पहिल्या तक्त्याशी तुलना करा. पाच एकदम केले तर कशाने वाचलं ते कळत नाही, आणि काही बिघडलं तर पाचही मागे जातात. मशीन-मिनिटांच्या शेजारी आणखी दोन आकडे ठेवा: पुल रिक्वेस्टला निकाल मिळायला लागलेला वेळ, आणि मर्जनंतर मुख्य ब्रँच किती वेळा फुटली. दुसरा आकडा वाढला तर तुम्ही उपयोगाची तपासणीही छाटली आहे. ती परत आणा. सुरक्षेचं स्कॅनिंग आणि मायग्रेशनच्या टेस्ट या छाटणीच्या बाहेरच ठेवा.

शेवटी दर सोमवारी चालणारा एक छोटा जॉब लावा. तो 'दर मर्जमागे मशीन-मिनिटं' हा आकडा गेल्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहील आणि २० टक्क्यांहून जास्त वाढ असेल तर टीमच्या चॅनेलवर वर्कफ्लोच्या नावासकट कळवेल. बिल्ड अडवू नका, फक्त कळवा. एखादं नवं मॅट्रिक्स, विसरलेला ट्रिगर किंवा रिकामा चालणारा कॅश आठवड्याभरात नजरेस येईल.